आवाज परत का येतो: वापरलेल्या गाडीतल्या इंजिन आणि स्टीअरिंगच्या आवाजांचा शोध

बेल्ट बदलला, आठ दिवस गाडी गप्प राहिली आणि एका सकाळी पुन्हा तीच ‘कुईं’. स्टीअरिंगचा पंप नवा बसवला, महिनाभरात तोही जुन्यासारखाच कण्हायला लागला. वापरलेल्या गाड्यांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. आवाज जिथून येतो तो भाग बदलला जातो, पण त्या भागाला ओरडायला लावणारं कारण जागच्या जागी राहतं. बेल्टवर तेल झिरपत असेल तर नवा बेल्टही ओरडणार. पंपात हवा शिरत असेल तर नवा पंपही कण्हणार.

जुन्या गाडीत आणखी एक अडचण असते. आधीच्या मालकाने कोणतं तेल ओतलं, टायर कोणत्या मापाचे टाकले, पुढचं सस्पेन्शन कधी खोललं, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. त्यामुळे सुटा भाग विकत घेण्याआधी आवाजाची पूर्ण चौकशी करायची. त्यात अर्धा दिवस गेला तरी तो वाया जात नाही.

आवाज कशाबरोबर बदलतो?

आवाज ‘कसा’ आहे यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो हे आधी पाहा. इंजिनाचा वेग, गाडीचा वेग, स्टीअरिंगचा कोन आणि तापमान, या चारपैकी कशाच्या मागे तो जातो हे कळलं की निम्मा शोध संपतो.

गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि रेस हळूहळू वाढवा. आवाज रेसबरोबर चढत असेल तर दोष इंजिनात किंवा इंजिनाच्या बेल्टवर फिरणाऱ्या भागांत आहे. उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नसेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि घरंगळू द्या (चावी अजिबात बंद करायची नाही, स्टीअरिंग आणि ब्रेकची मदत जाते). इंजिन आयडलिंगला उतरूनही आवाज तसाच राहिला, तर तो टायरचा, व्हील बेअरिंगचा किंवा ड्राइव्ह शाफ्टचा.

तिसरी चाचणी स्टीअरिंगची. इंजिन बंद, चावी ‘ऑन’वर म्हणजे स्टीअरिंग लॉक होणार नाही, आणि दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना वीतभर हलवायला सांगा. ‘टक्’ असा आवाज इंजिन बंद असतानाही येत असेल तर पंपाकडे, बेल्टकडे पाहायचं कारण उरत नाही. जोड, बुश (जोडातली रबरी कडी) किंवा कॉलममध्ये (स्टीअरिंगच्या दांड्यात) कुठेतरी ढिलाई आहे.

हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर क्लच दाबूनही पाहा. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. या घरघरीला इंजिनाचा आवाज समजून लोक उगाच तेल बदलत राहतात.

प्रत्येक चाचणीचं फोनवर ध्वनिमुद्रण करा. फोन दर वेळी त्याच जागी ठेवा, रेसही तीच ठेवा. दुरुस्तीनंतर फरक पडला का, हे आठवणीवर सोडलं की आपण स्वतःची समजूत घालून घेतो.

थंड इंजिन चुकवू नका

कारण शोधताना पहिली स्टार्ट रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची हवी. गाडी घ्यायला जात असाल तर बॉनेटवर आणि सायलेन्सरच्या टोकाजवळ हात धरा. गरम लागलं तर आपण येण्याआधीच इंजिन चालवून ठेवलेलं आहे, आणि काही खुणा सुरू होऊन विरून गेल्या आहेत.

थंड स्टार्टला एखाद-दोन सेकंद खडखड होऊन लगेच थांबली, तर रात्रीत टेन्शनरमधलं (चेन ताणून धरणाऱ्या भागातलं) तेल खाली उतरलेलं असतं आणि टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी, क्षणभर सैल हलते. हलक्या दर्जाच्या ऑइल फिल्टरमध्ये तेल मागे वाहू न देणारा रबरी पडदा नीट बसत नाही, तेव्हा ही खडखड जास्त वाढते. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं तेल आणि चांगला फिल्टर टाकून पुन्हा ऐका. तरीही ती चार-पाच सेकंदांवर लांबत असेल किंवा गरम इंजिनातही रेस सोडताना येत असेल, तर चेन ताणली गेली आहे किंवा तिच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजल्या आहेत. हे काम पुढे ढकलू नका. चेनने दात चुकवले तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात. टायमिंग बेल्टच्या इंजिनाला हीच भीती. तिथे कव्हरच्या आतून घरघर आली तर आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग तपासा. बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदला.

वरची टिकटिक, खालचा ठोका

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्यांवर) असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. वरच्या भागातली टिकटिक म्हणून शिलाई मशीनसारखी, हलकी आणि काहीशी संथ वाटते. क्रँककडचा ठोका जड असतो आणि तो पायाखाली जाणवतो.

टिकटिक ऐकली की आधी डिपस्टिक काढा. बऱ्याच गाड्यांत कमाल आणि किमान खुणांमध्ये सुमारे १ लिटरचं अंतर असतं, आणि जुनं इंजिन दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेवढं तेल सहज खातं. सर्व्हिसिंग झाल्यावर गप्प बसणारी आणि काही हजार किलोमीटरनंतर परत येणारी टिकटिक बहुधा हीच असते. हायड्रॉलिक टॅपेटला (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या, तेलाने भरणाऱ्या भागाला) पुरेसं तेल मिळत नाही, त्यात हवा शिरते. योग्य पातळी आणि योग्य ग्रेड करून गाडी अर्धा तास चालवा; त्यात टॅपेट भरले तर इंजिन उघडायची गरज नाही.

हाताने जुळवायचे टॅपेट असतील तर फिलर गेजने (जाडी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तापमानाला. सहसा ही फट मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांची असते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा फट संपलेला गप्प टॅपेट जास्त नुकसान करतो. त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, सीटला, म्हणजे बसण्याच्या कड्याला, टेकून थंड होत नाही आणि जळतो. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांत सीट झिजून फट कमी होत जाते, म्हणून तिथे आवाज नसतानाही फट मोजायची.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट फुटली की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. फरक दोन ठिकाणी कळतो. थंड इंजिनात ती मोठी असते आणि धातू गरम होऊन पसरला की कमी होते. आणि जोडावर काजळीची काळी रेघ दिसते. मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं जोडाच्या कडेने फिरवा. फट असेल तिथे ‘फट्फट्’ एकदम मोठी ऐकू येते. धातूच्या आतला आवाज ऐकायला मात्र लांब स्क्रू-ड्रायव्हर लागतो: टोक भागावर, मूठ कानामागच्या हाडावर. बाह्या आणि ओढणी फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा. विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

आता ठोका. पिस्टनचा ठोका थंडीत पोकळ, दबका येतो आणि इंजिन गरम होताना पिस्टन प्रसरण पावल्याने विरतो. असं इंजिन तेलावर लक्ष ठेवून बराच काळ वापरता येतं. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा ठोका याच्या उलट वागतो. तेल गरम होऊन पातळ झालं की तो अधिक स्पष्ट होतो. इंजिन पूर्ण गरम करा, रेस २००० ते २५०० आरपीएमवर धरा आणि पाय हळूच उचला. भार सुटतो त्या क्षणी ‘टक-टक-टक’ अशी छोटी रांग ऐकू आली, तर संशय बळकट झाला.

खात्रीसाठी पेट्रोल इंजिनात आयडलिंगला एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग थोडा वेळ काढून पाहा. कॉइलचा प्लग काढू नका, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तो खराब होतो. आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या किंवा डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरला चालू इंजिनात हात लावायचा नाही, तिथली वीज आणि दाब दोन्ही जोखमीचे असतात. ज्या सिलिंडरचं इंधन तोडल्यावर ठोका स्पष्टपणे दबतो, त्याचं बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. मग ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा. घड्यांमध्ये चमकणारी चंदेरी किंवा तांबूस भुकटी दिसली आणि ती लोहचुंबकाला चिकटत नसेल, तर तो बेअरिंगचा धातू आहे. त्यापुढे गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची. डॅशबोर्डवरचा तेलाचा दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो. खरा दाब मोजायला त्या सेन्सरच्या जागी काट्याचं गेज लावावं लागतं.

विकायच्या आधी जाड तेल भरून हा ठोका दाबल्याचंही आढळतं. म्हणून वापरलेली गाडी हातात आल्यावर तेल आणि फिल्टर बदलून, मॅन्युअलमधल्या ग्रेडवर आणून मगच आवाजाचा निवाडा करा.

चढावर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर तो मात्र ठोका नव्हे. इंधन वेळेआधी पेटतंय. पेट्रोलचा ऑक्टेन, साचलेला कार्बन, इंजिनाचं तापमान आणि चुकीच्या हीट रेंजचे स्पार्क प्लग, या क्रमाने पाहा.

बेल्ट: पाण्याची एक फवारणी

थंड, दमट सकाळी किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर येणारी किंकाळी बेल्टची. बेल्टच ओरडतोय हे सगळ्यांना कळतं. तो का ओरडतोय हे साध्या पाण्याने कळतं. इंजिन आयडलिंगला ठेवा, फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा आणि कान द्या.

चिवचिव थांबली आणि पाणी सुकताच परत आली, तर एखादी पुली रेषेबाहेर आहे. किंकाळी पाण्याने वाढली, तर बेल्ट घसरतोय: ताण कमी आहे, टेन्शनरचा स्प्रिंग थकला आहे किंवा बेल्ट झिजला आहे. पाण्याने काहीच बदललं नाही, तर बेल्ट निर्दोष आहे आणि आवाज एखाद्या बेअरिंगचा आहे.

झीज डोळ्यांना चकवते. अलीकडचे बेल्ट जुन्या रबरासारखे तडकत नाहीत. त्यांच्या खाचा टायरच्या नक्षीसारख्या हळूहळू रुंद होतात आणि बेल्ट पुलीच्या तळाला टेकतो. तडे नाहीत म्हणून बेल्ट चांगला, असं धरू नका. नव्या बेल्टशेजारी ठेवून खाचांची खोली पाहा.

बेअरिंग शोधायला बेल्ट काढा आणि इंजिन ३० सेकंदच चालवा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर पाणी फिरत नाही, म्हणून वेळ पाळा. बॅटरीचा दिवा लागेल, ते ठीक आहे. आवाज गेला तर इंजिन बंद करून एकेक पुली हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग निःशब्द आणि किंचित जड फिरतं. खरखर लागली किंवा पुली एका झटक्यात बराच वेळ भिरभिरत राहिली, तर त्यातलं ग्रीस संपलंय. पुली वर-खाली डुलली तरीही बदला.

आणि नवा बेल्ट चढवण्याआधी वर पाहा. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून तेल, किंवा स्टीअरिंगच्या नळीतून द्रव बेल्टवर उतरतोय का? ते थांबवा, पुल्या ब्रेक क्लीनरने पुसा, मगच बेल्ट घाला. बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे टाळा. तो काही दिवस आवाज दाबतो, धूळ धरतो आणि नंतर दुप्पट ओरडायला लावतो. बेल्टवर आधीच चिकट थर दिसला, तर कुणीतरी हा आवाज आधी लपवलेला आहे.

हायड्रॉलिक स्टीअरिंगचं कण्हणं

टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बारची असते. स्टीअरिंगचा पंप पूर्ण वळणावर ८० बारच्या आसपास आणि कधी त्याहून वर दाब देतो. त्यामुळे अगदी टोकाला वळवल्यावर होणारी फुसफुस रिलीफ व्हॉल्व्हची (जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) असते आणि ती चालते. तिथे ५ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही, एवढंच. मध्यावरून वळवताच सुरू होणारं आणि रेसबरोबर चढणारं ‘घुंईं’ मात्र दोषाचं लक्षण आहे.

टाकीचं झाकण उघडा, इंजिन चालू ठेवून टॉर्च मारा. वर साबणाच्या पाण्यासारखा फेस असेल तर द्रवात हवा आहे. पातळी कमी असेल तर भरा. पण पातळी बरोबर असून फेस येत असेल, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या जाड नळीकडे वळा. नवे पंप वाया जातात ते इथे. या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते. तिचा क्लिप सैल झाला किंवा पंपाच्या तोंडाची ओ-रिंग कडक झाली तर थेंबही बाहेर गळत नाही, फक्त हवा आत जाते. सगळं कोरडं दिसतं म्हणून जोड तपासला जात नाही आणि पंपावर ठपका येतो. जोडाभोवती तोच स्टीअरिंगचा द्रव बोटाने जाडसर लावा आणि ऐका. क्षणभर आवाज बदलला तर चोर सापडला. ओ-रिंग आणि क्लिप दोन्ही बदला.

दुसरा दोष टाकीच्या तळाशी असतो. बऱ्याच टाक्यांत बारीक जाळी असते आणि जुन्या द्रवातल्या गाळाने ती बुजते. पंपाला पुरेसा द्रव मिळत नाही. जाळी निघत नसेल तर टाकीच बदला. द्रव काळपट झाला असेल तर परतीची नळी बाटलीत सोडून, टाकीचं ते तोंड बंद करून, एक-दोन लिटर नवा द्रव टाकत जुना बाहेर काढा. कोणता द्रव, ते झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा द्रव) आणि हिरवा हायड्रॉलिक द्रव एकमेकांत मिसळू नका, सील फुगतात किंवा आकसतात.

हवा काढायची पद्धत घाई सहन करत नाही. पुढची दोन्ही चाकं उचला, गाडी स्टँडवर टेकवा. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५ ते २० वेळा फिरवा, मध्ये मध्ये द्रव भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून आणखी काही फेऱ्या. फेस उरलाच तर तासभर गाडी तशीच ठेवा आणि पुन्हा करा. थेट इंजिन चालू करून हवा काढायला गेलं की पंप ती हवा घुसळून बारीक करतो, मग ती निघायला दिवस लागतो.

टाकीच नसेल तर स्टीअरिंग बहुधा विजेवरचं आहे आणि वरचं काहीही लागू नाही. तिथे खराब रस्त्यावर रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दात्यांच्या दांड्याच्या) बुशची कटकट, कॉलममधल्या गिअरची किंवा रबरी कपलिंगची टिकटिक, किंवा स्टीअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंगची (एअरबॅग आणि हॉर्नला वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीची) कागदासारखी सळसळ ऐकू येते. क्लॉक स्प्रिंग एअरबॅगच्या मागे असतो. बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय तिथे हात घालू नका.

वळताना टकटक, खड्ड्यात ठक्

मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून, हलका पिकअप देत गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूने. चाकाच्या लयीत ‘टक-टक-टक’ आली तर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळतानाही फिरणारा सांधा. चाकाच्या आतल्या कडेवर ग्रीसचे शिंतोडे आणि फाटलेला रबरी बूट दिसेल. नुसता बूट फाटलाय, आवाज अजून नाही, अशा वेळी लगेच बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो.

उभ्या गाडीत वळवताना तार ताणून सुटल्यासारखा ‘टणक्’ आला तर पुढच्या शॉकअपच्या वरचं बेअरिंग तपासा. दुसऱ्याला स्टीअरिंग हळू फिरवायला सांगा आणि स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला नुसते हाताचे तळवे टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोटं घालायची नाहीत. चांगल्या बेअरिंगवर स्प्रिंग सलग फिरते. अडकलेल्या बेअरिंगवर ती आधी पीळ घेते, मग हाताखाली एकदम उडी मारते. एकदा ती उडी जाणवली की पुन्हा चूक होत नाही.

छोट्या खड्ड्यांवर, कमी वेगात कटकट येते ती बहुधा स्टॅबिलायझर लिंकची (गाडीला कलू न देणारा आडवा दांडा सस्पेन्शनला जोडणाऱ्या काडीची). एकच चाक उचलून ती तपासली की लिंकवर ताण राहतो आणि ढिलाई कळत नाही. दोन्ही चाकं जमिनीवर असतानाच लिंक हाताने हलवा. बाकी जोडांसाठी चाक उचला, घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा: ढिलाई आली तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा). मग १२ आणि ६ वर: बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा व्हील बेअरिंग. कोणतं, ते कळण्यासाठी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट.

सस्पेन्शनचे बुश बदलून सहा महिन्यांत पुन्हा वाजायला लागले, तर ते बसवताना बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळलेले असण्याची दाट शक्यता आहे. रबर त्या लोंबत्या स्थितीत घट्ट होतं आणि गाडी खाली टेकताच कायमचं पिळलेलं राहतं. आर्मचे (सस्पेन्शनच्या दांड्यांचे) बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, टॉर्क पान्याने.

काही आवाज मोठे असतात आणि दोष क्षुल्लक. ठरावीक आरपीएमलाच येणारी किणकिण सायलेन्सरवरच्या पातळ पत्र्याची. थंड असताना रबरी हातोडीने ठोकून शोधा आणि स्टीलच्या क्लिपने आवळा. वळताना घासल्याचा आवाज ब्रेक डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याचाही असतो. पूर्ण वळणावर टायर प्लॅस्टिकच्या लायनरला घासत असेल तर दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरशी टायरचं माप ताडून पाहा. मोठे टायर किंवा स्पेसर आधीच्या मालकाने बसवलेले असू शकतात.

रॉडचा ठोका, १२ आणि ६ वर हलणारा बॉल जॉइंट आणि स्टीअरिंगमध्ये मधेच जाणवणारी अडकण, या तिन्हींत गाडी रस्त्यावर काढायची नाही. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं.

बाकी कोणतीही दुरुस्ती झाली की ५०० किलोमीटरनंतर बॉनेट पुन्हा उघडा. स्टीअरिंगच्या द्रवाची पातळी, बेल्टवर तेलाचा डाग, नव्या क्लिपभोवती ओल आणि डिपस्टिक पाहा. मग थंड स्टार्टचं ध्वनिमुद्रण करून आधीच्याशी लावून ऐका.